हिरव्या डोक्याची कुत्री

गोदावरी अपार्टमेंटच्या फाटकावर पाटी चढली त्या दिवशी सुनंदाने स्वतःच्या हाताने पेढे वाटले होते, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणायचं, की या बाईला नवऱ्याच्या कामाचं कौतुकच नव्हतं. कौतुक होतं. जरा जास्तच होतं.

पाटी लोखंडी, पांढऱ्यावर हिरवी अक्षरं: ‘रेबीज-मुक्त परिसर’. एकदा हिंदीत, एकदा मराठीत आणि खाली इंग्रजीत. हिंदी आणि मराठी ओळींत एका मात्रेचाही फरक नव्हता, तरी श्रीरंगरावांनी दोन्ही रंगवून घेतल्या. सोसायटी मराठी माणसांनी उभी केलीय, नोएडात असली म्हणून काय झालं, असं त्यांचं म्हणणं. पेंटर बिचारा दोनदा विचारून गेला, ‘साहब, एक ही चीज़ दो बार लिखूँ?’

साल अठ्ठ्याण्णव. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या मराठी मंडळींनी वर्षानुवर्षं वाट बघून यमुनेपलीकडे ही सोसायटी बांधली, तेव्हा मागे मोहरीची शेतं होती. आता तिथे बिल्डरांच्या क्रेन उभ्या होत्या. समोर केबलवाला आणि एसटीडी बूथ आला होता, आणि निम्मे फ्लॅट पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर पंजाबी आणि बंगाली कुटुंबांकडे गेले होते. कुत्री आली ती बांधकामाबरोबर. मजुरांनी त्यांना पाळलं, मजूर पुढच्या साइटवर गेले, कुत्री इथेच राहिली.

सुनंदाचे यजमान श्रीरंगराव मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आणि सोसायटीत सेक्रेटरी. दोन्हीकडे सेक्रेटरी असलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही. शेजारच्या सेक्टरात पिसाळलेलं कुत्रं चावून एक गवंडी गेला, ते ऐकलं आणि श्रीरंगराव कामाला लागले. ‘इंग्लंडात रेबीज का नाही? चारी बाजूंनी समुद्र आहे म्हणून,’ ते जेवताना सांगत. ‘आपल्याला एका बाजूला यमुना, दुसऱ्या बाजूला हिंडन नदी. बेटच म्हण की. आधी सोसायटी, मग सेक्टर, मग अख्खं नोएडा.’ सुनंदा त्यांना आमटी वाढायची आणि मनात म्हणायची, काय डोकं आहे या माणसाला!

विरोध एकट्या मेजर उदयसिंहांचा होता. मेजर कोल्हापूरकडचे, रिटायर होऊन तळमजल्यावर राहायला आलेले. उभी हयात छावण्यांमध्ये गेली होती, त्यामुळे पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की त्यांचा हात काठीकडे जायचा. त्यांना हवी होती कुत्री उचलून नेणारी गाडी. त्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोघांची चांगलीच जुंपली. श्रीरंगराव म्हणाले, कुत्री नेलीत तर रिकाम्या जागी बाहेरची येतील, बिनलसीची. आहेत त्यांनाच टोचा, तीच बाहेरच्यांना आत येऊ देणार नाहीत.

‘ठीक आहे,’ मेजर शेवटी म्हणाले. ‘टोचा तुमची कुत्री. पण ज्याला निशाणी नाही ते गाडीत जाणार. आणि निशाणीवालं कुत्रं कुणाला चावलं, आणि त्या माणसाला पोटातली चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, तर तुमची मोहीम तिथेच खतम. मग सगळीच गाडीत. बोला, मंजूर?’

‘बिल्कुल मंजूर!’ श्रीरंगराव म्हणाले. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात सुनंदाने वाजवल्या.

आता निशाणी म्हणजे काय, तर कपाळापासून कानांपर्यंत हिरवा रंग. जनावरांच्या एका संस्थेची जीप डॉक्टर घेऊन येणार, टोचलेल्या कुत्र्याचं डोकं हिरवं करणार, आणि तो रंग बरेच दिवस टिकणार. श्रीरंगरावांनी तारीखसुद्धा विचार करून काढली. दिल्लीत रंग खेळतात धुळवडीला. त्याच्या आधी टोचलं तर पोरं कुत्र्यांना रंगवून सगळा घोळ करतील. म्हणून धुळवड उरकल्यावरचा रविवार. मेजरांनीसुद्धा मान डोलावली, प्लॅनिंग म्हणावं तर असं. रविवारी जीप आली, चौकीदाराने ब्रेडचे तुकडे दाखवून कुत्री गोळा केली, आणि संध्याकाळपर्यंत हिरव्या डोक्यांची कुत्री आवारात शहाण्यासारखी बसून होती. सोमवारी पाटी चढली. मंगळवारी रंगपंचमी होती.

हसायचं असेल तर हसून घ्या. इतकी मराठी डोकी त्या मीटिंगमध्ये होती, पण एकाच्याही लक्षात आलं नाही. सगळे इतकी वर्षं दिल्लीत, की होळी म्हटलं की त्यांच्यासाठी धुळवडीला रंग संपला. आणि रंगपंचमी? ती महिला मंडळाची. मुलं दिल्लीची झाली, त्यांना आपले सण कळायला हवेत, म्हणून यंदापासून सुरू करायची, हा हट्ट सुनंदाचाच. पहाडगंजच्या मराठी शाळेत ती शिकवायची. तिथल्याच ठोक बाजारातून तिने रंगाच्या पुड्या आणल्या होत्या, हिरव्या जरा जास्त, कारण तोच स्वस्त होता. संध्याकाळी मुलं खेळली, भजी तळली गेली. श्रीरंगरावांनी पांढरा शर्ट घालून आपल्या संस्कृतीवर भाषणही केलं. त्यांच्या पायांशी एक हिरव्या डोक्याचं कुत्रं भज्याकडे बघत बसलं होतं.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी दोघं फिरून परत येत होती. उभ्या मारुतीच्या मागून एक तांबूस कुत्रं न भुंकता आलं आणि त्याने श्रीरंगरावांची पोटरी धरली. त्यांनी पाय झाडला, कुत्रं सोडेना. सुनंदाला पुढे विचार करायला वेळच मिळाला नाही. तिने वाकून त्याचं मानगूट धरलं आणि ओढलं. कुत्रं मागे वळलं, तिच्या अंगठ्याखालचा मांसल भाग त्याच्या तोंडात गेला, आणि दुसऱ्या क्षणी ते फाटकातून बाहेर पळालं.

माणसं जमली. दूध घेऊन येणारे मेजर सगळ्यांच्या पुढे.

‘निशाणी होती का?’

‘हिरवं डोकं!’ श्रीरंगराव फाटक्या पायजम्यात हसत म्हणाले. ‘मी स्वतः पाहिलं. टोचलेलं आहे, काही होत नाही.’

‘नक्की? हॉस्पिटलला जायचं असेल तर मी गाडी काढतो.’

‘छे हो! मोहीम आपलीच, आणि आपणच विश्वास ठेवायचा नाही?’

हे म्हणता म्हणता त्यांनी सुनंदाकडे एकदा पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात ते बघणं तिला कळत होतं. तिने रक्ताळलेला हात ओढणीत गुंडाळला. तिला कुणी विचारलंही नाही.

घरी येऊन दोघांनी जखमा साबणाने भरपूर धुतल्या. तसं करावं, असं श्रीरंगरावांच्याच पत्रकात लिहिलं होतं. वर तिने हळद दाबली. ‘इंजेक्शनं घ्यायला नकोत का हो?’ तिने विचारलं. ते म्हणाले, ‘हिरवं डोकं तूही पाहिलंस ना?’ पाहिलं होतं. मग प्रश्नच मिटला, असं तिने स्वतःला बजावलं आणि शाळेला निघाली.

पण तो मिटायला तयार नव्हता. ते कुत्रं नेमकं कोणतं, इथूनच गोंधळ सुरू झाला. श्रीरंगराव म्हणत, मोत्या. सुनंदाला आठवत होतं, मोत्याची शेपटी वळलेली, आणि चावलेल्या कुत्र्याची सरळ होती. की होती ना वळलेली? तिने वरच्या मजल्यावरच्या पंजाबी शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, मोत्या कौन? वो लालवाला तो शेरू है. बंगाली आजी त्यालाच भोला म्हणायच्या, आणि त्यांच्या मते भोला महिन्यापूर्वीच कुठेतरी निघून गेला होता. चौकीदार म्हणाला, ‘मैडम, आप कालिया की बात कर रहे हो.’ ‘अरे, पण तो तांबडा आहे ना?’ ‘हाँ जी, नाम कालिया है.’

दोन दिवसांनी मोत्या जिन्याखाली शेपटी हलवत उभा. शेपटी वळलेली. तिने पोळी टाकली, ती त्याने खाल्ली. कटोरीत पाणी ठेवलं, ते लपलप प्यायला. ‘बघ! ठणठणीत आहे,’ श्रीरंगराव विजयी मुद्रेने म्हणाले. सुनंदालाही हायसं वाटलं. ती भाजी घेऊन परत येते तर पाण्याच्या टाकीजवळ तसाच एक तांबूस, हिरव्या डोक्याचा. त्याच्या पलीकडे आणखी एक. तिने परत मोजायला घेतली, तर रविवारी टोचली त्याहून हिरवी डोकी जास्त भरायला लागली. कुत्री वाढली होती की आपली नजर फिरली होती, तिला काही कळेना. आणि हिरवा तरी कोणता? डॉक्टरांनी लावला तो गडद होता की पोपटी? हे ठामपणे सांगणारा एक माणूस अख्ख्या सोसायटीत सापडला नाही. रंग लावताना सगळे तिथेच उभे होते.

शाळेत प्रज्ञाने तिचा हात पाहिला. प्रज्ञा तिच्याबरोबर शिकवायची, मूळची साताऱ्याची, फटकळ.

‘सुनंदाताई, हे काय?’

‘कुत्रं. टोचलेलं होतं गं.’

‘कुणी सांगितलं?’

‘डोकं हिरवं होतं.’

प्रज्ञाने खडू खाली ठेवला. ‘माझ्या काकांना चावलं होतं. महिना झाला तरी काही नाही, शेतात कामं करत होते. आणि मग एक दिवस पाण्याचा पेला समोर आणला तर घसा आवळला त्यांचा. तहान लागलेली आणि पाणी बघून ओरडायचे. त्यानंतर काही करता येत नाही, ताई. डॉक्टर नुसता उभा राहतो. आज शाळा सुटली की चला.’

‘अगं, पण हे म्हणतात...’

‘भावोजींना काय विचारायचंय त्यात? हात तुमचा आहे.’

सुनंदा गेली नाही. त्यांनाही चावलंय आणि ते शांत आहेत, आपणच घाबरट, असं म्हणून तिने स्वतःला दटावलं. रविवारी पुण्याहून चिन्मयचा फोन आला, मुलगा तिथे इंजिनियरिंगला होता. त्याने विचारलं, आई, कशी आहेस? ती म्हणाली, मजेत. रिसीव्हर ठेवल्यावर मात्र तिला एकदम रडू आलं, आणि का ते तिचं तिलाच सांगता येईना.

स्वप्नाली ही दुसऱ्या मजल्यावरची दुसरीतली मुलगी. सुनंदाकडे मराठी वाचायला यायची. सोमवारी संध्याकाळी पुस्तक उघडून ठेवून तिने विचारलं, ‘काकू, गाडी आली तर मोत्याला नाही ना नेणार? त्याचं डोकं ग्रीन आहे.’

‘नाही नेणार. ज्याचं हिरवं आहे त्याला नेत नाहीत.’

‘फिर तो कुणालाच नाही नेणार! आम्ही सगळ्यांचं ग्रीन केलं.’

‘काय केलं?’

‘रंगपंचमीला. मेजर आजोबा बोलले होते ना, जिसका ग्रीन नहीं वो गाडीत जाणार. जी राहिली होती त्यांना आम्ही लावला, रगड़ रगड़ के. साइटवरची पण आली होती भजी खायला. त्यांना पण.’ तिने सुनंदाच्या तोंडाकडे पाहिलं. ‘तुम्ही रागावलात?’

‘नाही गं राणी,’ सुनंदा म्हणाली. कुणावर रागवायचं? पोरींनी जीव वाचवायला रंग लावला, आणि रंग आणला होता तिने.

श्रीरंगराव त्या दिवशी उशिरा आले. हल्ली रोजच उशीर व्हायचा. नवी लोकसभा बसली होती, पार्लमेंटचे प्रश्न आलेत, असं ते म्हणत. सुनंदाने त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही, गॅलरीत नेऊन सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. चेहरा उतरला, पण तिला वाटलं होतं तितका धक्का त्यांना बसलेला दिसला नाही.

‘हळू बोल,’ ते म्हणाले. ‘खाली मेजर बसलेत.’

‘बसू देत. अहो, हिरव्याला काही अर्थच राहिला नाही. साइटवरचं असेल तर? आपल्याला दोघांनाही...’

‘हे बघ. आपण इंजेक्शनं घेतली हे बाहेर पडलं, की उद्या गाडी. मोत्या, बाकीची सगळी. ती मेली की साइटवरची आत. म्हणजे रेबीज आपण हाताने बोलावला. या लोकांना कळत नाही, तुला तर कळतंय ना?’

‘कळतंय. पण मला भीती वाटते.’

‘मला चावलंय की नाही? तुझ्यापेक्षा जास्त चावलंय. मी घेतोय का? मी बसलोय ना शांत? मग तू कशाला घाबरतेस?’

सुनंदा आत गेली. त्यांचं म्हणणं खरं होतं, गाडी आली असती. प्रज्ञाचं म्हणणंही खरं होतं. स्वप्नालीचं तर पुस्तकात ठेवावं इतकं खरं होतं. एवढी सगळी खरी माणसं आजूबाजूला असताना बाईने करायचं काय, तेवढं मात्र कुणी सांगत नव्हतं. रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे शेपट्या येत राहिल्या, वळलेल्या आणि सरळ.

दुसऱ्या दिवशी तिने प्रज्ञाला गाठलं. ‘जाते मी. पण कुणी बघता कामा नये.’

‘मग सफदरजंग हॉस्पिटलला नको, तिथे तुमची निम्मी सोसायटी बस बदलते. हिंदूरावला जा. इथून जवळ, आणि तिकडे आपलं कुणी फिरकत नाही.’

मधल्या सुट्टीनंतर रजा टाकून सुनंदा निघाली. बसमध्ये तिला चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. कुणाची चोरी, तेही कळत नव्हतं. नवऱ्याने विश्वास ठेव म्हटलं, आणि आपण त्याच्या पाठीमागे हे असं. टेकडीची चढण चढताना तिने दोनदा परत फिरायचा विचार केला. पण पाय हॉस्पिटलच्या दिशेनेच चालत राहिले.

आत खिडकीवर विचारपूस झाली. डॉक्टरांनी हात पाहिला. इतके दिवस काय करत होतात, असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं, उशीर झाला आहे, पण आजपासून सुरू करा, रोज या, एकही चुकवू नका. मग ती कुत्रं चावलेल्यांच्या रांगेत बाकावर बसली. एक रिक्षावाला, एक रडून दमलेलं पोर, एक सरदारजी. आणि पुढे, पडद्याच्या अगदी जवळ, पाठमोरा तपकिरी सफारी.

तो सफारी तिने स्वतः इस्त्री केला होता.

तिला जे वाटलं ते सांगायला हवं. तिला आनंद झाला. इतका, की डोळे भरून आले. हे आपल्यासाठी आलेत, कालचं बोलणं मनाला लागलं, आणि ऑफिस सोडून चौकशी करायला आलेत. किती उगाच रागावलो आपण! ती उठली आणि ‘अहो’ म्हणणार, तेवढ्यात पडदा सरकला.

‘आइए बाबूजी,’ कंपाउंडर ओळखीचं हसला. ‘कल बायीं तरफ़ लगा था, आज दाहिनी.’

श्रीरंगरावांनी सराईतपणे सफारीची खालची बटणं सोडली आणि बनियन वर केलं. पोटावर सुजलेल्या लाल गाठी होत्या, डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूलाही. सुनंदा जागच्या जागी उभी राहिली. एका दिवसाच्या त्या नव्हत्या.

‘अहो.’

ते वळले. बनियन हातातच. दोघांनाही काही सुचेना. सुचलं ते कंपाउंडरला, तो बिचारा भला माणूस.

‘मैडम आपके साथ हैं?’

‘मुझे भी काटा है,’ सुनंदाने हात पुढे केला. ‘उसी कुत्ते ने.’

कंपाउंडरने हाताकडे पाहिलं, मग श्रीरंगरावांकडे. ‘पर बाबूजी, पहले दिन डॉक्टर साहब ने पूछा था, घर में और किसी को काटा? आपने तो कहा, किसी को नहीं।’

त्याने सुई टोचली. श्रीरंगरावांनी हूं की चूं केलं नाही.

मग दोघं बाकाच्या टोकाला बसली. तिचा नंबर यायचा होता. श्रीरंगराव बराच वेळ बटणं लावत होते, शेवटचं बटण दोन वेळा चुकीच्या काजात गेलं.

‘कधीपासून?’ सुनंदाने विचारलं.

‘दुसऱ्या दिवसापासून. ऑफिसात बसलो होतो, आणि एकदम डोक्यात आलं, अरे, मंगळवारी रंगपंचमी झाली.’

‘म्हणजे मी काल सांगितलं ते तुम्हाला माहीत होतं.’

‘सांगणार होतो गं. रोज सांगणार होतो. पण तू शाळेत बोलली असतीस, बायकांत बोलली असतीस, मग मेजर... मी एकटा आलो तर कुणाला कळणार नाही, असं वाटलं.’ त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. ‘आणि तुला फार नव्हतं ना लागलं. माझं लक्ष नव्हतं असं समजू नकोस. मी रोज सकाळी बघत होतो, तू पाणी पितेस की नाही. पीत होतीस. चांगली तांब्याभर पीत होतीस.’

हे त्यांनी तिला धीर द्यायला सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं. सुनंदा त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. गेल्या आठवड्यातल्या सगळ्या सकाळी तिला आठवल्या. ओट्याशी उभी राहून ती पाणी प्यायची, आणि ते पेपर खाली करून तिच्याकडे बघायचे. तिला वाटायचं, या वयातसुद्धा हे आपल्याकडे बघतात. तिला आतून लाज वाटली, स्वतःचीच.

‘आणि मी प्यायले नसते तर?’ तिने विचारलं. ‘मग काय करणार होतात?’

श्रीरंगरावांच्या फायलीत ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

‘मैडम, आ जाइए!’ पडद्याआडून हाक आली.

ती उठली. ते पण उठले आणि मागून येऊ लागले. ‘तुम्ही नको,’ ती म्हणाली. ‘बाहेर एसटीडी बूथ आहे. मेजरना फोन लावा. म्हणावं, हिरव्या डोक्यावर कुणी विसंबू नका. आणखी कुणाला चावलं असेल, नुसतं खरचटलं असेल, तरी आजच्या आज पाठवा. पोरी त्या कुत्र्यांना कुशीत घेऊन बसतात. आणि मेजरना सांगा, गाडी बोलावण्याआधी माझी वाट बघा. कुत्र्यांचं मी बोलेन त्यांच्याशी, जीप परत आणू, सगळी पुन्हा टोचू. पाटी मात्र आज उतरायला सांगा.’

श्रीरंगरावांनी मान हलवली. दोन पावलं गेले आणि परत आले.

‘सुनंदा,’ ते म्हणाले, ‘मी घेत होतो, ते सांगावंच लागेल का? तुझ्या हाताचं सांगितलं तर नाही का चालणार?’

तिला हातात असेल ते फेकून मारावंसं वाटलं, पण हातात काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला या माणसाची भीती वाटली, कुत्र्याची वाटली होती त्याहून जास्त.

‘सांगा काय सांगायचं ते,’ ती म्हणाली आणि आत गेली.

कंपाउंडरने तिला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. पहिली सुई दुखते, म्हणाला, घरचं कुणी बरोबर असेल तर हात धरायला बोलावून घ्या. साथ में कोई है?

‘नहीं,’ सुनंदा म्हणाली आणि साडीच्या निऱ्या स्वतःच सैल केल्या. ‘आप लगाइए.’